माउथपीस बदलाच्या नोंदी : अमळनेर, उन्हाळा २०२४

१४ एप्रिल, रविवार

जयंतीची मिरवणूक. संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला ऐन चौकात क्लॅरिनेट किंचाळलं. एकदाच झालं असतं तर ढोलाखाली दबून गेलं असतं, पण लागोपाठ चार वेळा, वरच्या सप्तकात शिरताना दर खेपेला. पुढच्या ट्रम्पेटवाल्याने मान वळवून पाहिलं. तो वळला की अख्ख्या बँडला कळतं कोण चुकलं ते. रीड, म्हणजे फुंकल्यावर कापणारी वेताची पातळ पट्टी, बदलली, तेच. दुसरी लावली, तेच. शेवटचा पाऊण तास खालच्या सप्तकात रेटला.

घरी येऊन माउथपीस, म्हणजे क्लॅरिनेटचं तोंडात धरायचं टोक, काढून दिव्याखाली धरला. हा मामांचा. त्यांनी ३० वर्षं बँडमध्ये वाजवला, मला देऊनही १६ झाली. एबोनाइटचा, म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेल्या रबराचा. मूळचा काळाभोर, आता उन्हाने शेवाळी-तपकिरी. हा गार पाण्यानेच धुवायचा असतो. लग्नानंतर महिन्याभरात बायकोने प्रेमाने उकळत्या पाण्यात टाकला होता, तेव्हा घरभर सुटलेला गंधकाचा वास आम्हा दोघांनाही अजून आठवतो. वरच्या उतारावर मामांच्या दोन दातांचे खड्डे, शेजारी माझे. नाव-नंबर कधीच पुसला गेलाय.

आजपासून वही घातली. शोधायचं एवढंच : दोष माउथपीसचा की माझा, आणि माउथपीसचा असेल तर त्याच्या जागी कोणता.

१६ एप्रिल, मंगळवार

मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवतो. जेवणाच्या सुट्टीत माउथपीस सरफेस प्लेटवर, म्हणजे सपाटी तपासायच्या लोखंडी पाटावर नेला. ज्या सपाट भागावर रीड बसते त्याला प्रुशियन ब्लूचा, खुणेच्या निळ्या रंगाचा, हात दिला आणि हलकेच घासून पाहिलं. निळा फक्त कडांवर लागला, मध्ये कोरडं बेट. मधोमध किंचित खोलगट असणं हा स्वतःहून दोष नाही, काही कारागीर मुद्दाम तसा ठेवतात. पण इथे डावी कड उजवीपेक्षा ठळक लागली, म्हणजे झीज एकतर्फी आहे.

मग हवेची परीक्षा. रीड ओली करून बसवायची, माउथपीसचं खालचं तोंड तळहाताने बंद करायचं, वरून हवा ओढून सोडून द्यायची. रीड नीट बसली असेल तर दोन-चार सेकंद चिकटून राहते आणि मग टप्प आवाज करून सुटते. माझी चिकटलीच नाही. तीन रीड, तीन्ही वेळा तेच.

किंचाळण्याचं कारण इथेच असावं. क्लॅरिनेट एका टोकाला बंद असलेल्या सरळ नळीसारखं वागतं, म्हणून वरची की दाबली की बासरीसारखा अष्टक न चढता बारावा स्वर लागतो. ती उडी घेताना रीड दोन्ही कडांवर एकसारखी मिटली नाही, की भलताच स्वर उसळतो. चौकात तेच झालं.

बाजूच्या वेल्डरच्या सरांनी विचारलं, कसला वॉल्व्ह आहे हा. म्हटलं, तोंडाचा.

२१ एप्रिल, रविवार

मामांकडे गेलो. ओट्यावर बसले होते. माउथपीस हातात घेऊन बोटाने चाचपला आणि म्हणाले, "तुन्ही पत्ती खराब शे, मुंडी नही. कसाले पैसा वाया घालस?"

निळ्याची गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकून घेतली, पटली नाही. त्यांचे वरचे दात गेल्याला सहा-सात वर्षं झाली. तरी वाजवायचं झालं तर वरचा ओठ आत दुमडून वाजवतात आणि सूर गोलच येतो.

तुलनेला ठरवलेले :
जुना, मामांचा.
यामाहा ४सी. प्लास्टिकचा. टोकाची फट १.०५ मिलिमीटर. शिकणाऱ्यांना हाच देतात, म्हणून मोठे वादक त्याचं नाव घ्यायला लाजतात.
वँडोरेन बी४५. एबोनाइटचा, फट सुमारे १.२. किंमत यामाहाच्या तीन-चार पट.
वँडोरेनचाच ५आरव्ही लायर, फट १.०९. विकत घ्यायची ऐपत दोनदा नाही, म्हणून पोलीस बँडमधून निवृत्त झालेल्या एका ओळखीच्या गृहस्थांकडून उसना. महिन्याच्या बोलीवर.
आणि ऑनलाइन मिळालेला एक निनावी स्वस्त, कुतूहलापोटी.

ज्यांना हे नवं आहे त्यांच्यासाठी : फट म्हणजे माउथपीसचं टोक आणि रीडचं टोक यांच्यामधली मोकळी जागा. फट मोठी तर मऊ रीड लागते, फुंकर जास्त जाते, ओठाने सूर वाकवायला सोपं जातं. फट लहान तर रीड थोडी कडक चालते आणि सूर जागच्या जागी राहतो. आम्हाला मिरवणुकीत ठासून आवाज हवा असतो आणि भजनात मींड, म्हणजे सुरावरून सुरावर घसरत जाणं, हवी असते, दोन्ही एकाच नळीतून. तिथेच घोळ आहे.

२९ एप्रिल, सोमवार

मुंबईहून पार्सल आलं. वाजवण्याआधी मोजायचं, असं स्वतःला बजावलं होतं, ते पाळलं.

जाड काच घेतली, तिच्यावर मिलिमीटरची पट्टी चिकटवली. माउथपीस पालथा ठेवून टॅपेट मापायच्या फिलर गेजचं (ठरलेल्या जाडीच्या पोलादी पानांचा जुडगा) ०.०५ मिलिमीटरचं पान टोकाकडून आत सरकवायचं, आणि ते डाव्या-उजव्या कडेला कुठे अडतं ते वाचायचं. वाद्य दुरुस्त करणारे लोक यासाठी खास काच आणि पानं वापरतात. गाडीच्या गॅरेजमधलं गेजही तेच काम करतं.

यामाहा : दोन्ही बाजू बरोबर. बी४५ : बरोबर. उसना लायर : डावी-उजवीत अर्धा मिलिमीटरही फरक नाही, इतका वापरूनसुद्धा. जुना : डावीकडे १९, उजवीकडे १७.५. निनावी : २० आणि १७! म्हणजे नव्या कोऱ्याची अवस्था ४६ वर्षं घासलेल्यापेक्षा वाईट. वाजवून पाहायचीही गरज वाटली नाही, तरी वाजवला. गाढव ओरडलं.

टोकाची फट पानांची चळत लावून मोजली. १.०० आणि ०.२० बी४५ मध्ये जेमतेम शिरली. छापलेला आकडा आणि माझा आकडा जुळला, याचा फिटर म्हणून वेगळाच आनंद.

१ मे, बुधवार

सुट्टी. दुपारी दारं-खिडक्या लावून, कूलर बंद करून खोलीत बसलो. बाहेर ४३. बी४५ लावला आणि पहिल्याच फुंकरीला अंगावर काटा आला. एवढा मोठा, भरलेला, झणझणीत आवाज माझ्या क्लॅरिनेटमधून कधी निघाला नव्हता. मींड तर ओठ सैल केला की आपोआप घसरत होती. त्यामागोमाग यामाहा लावला तो पाणी घातलेल्या ताकासारखा लागला. बायको आतून म्हणाली, "पहिला कोणता होता? तोच घ्या आणि झोपू द्या."

वहीत लिहिलं : बी४५. काम संपलं.

४ मे, शनिवार

काम संपलेलं नाही. परवाची नोंद वाचून लाज वाटली. बी४५ वर मी पाकिटातून काढलेली नवी अडीच नंबरची रीड (नंबर मोठा तशी कडक) लावली होती आणि यामाहावर जयंतीच्या मिरवणुकीतली, अर्धमेली. मुलांनी दोन वेगवेगळ्या कानसांनी दोन जॉब घासून कानसांऐवजी लोखंडाची तुलना केली असती तर मी त्यांना वर्गाबाहेर काढलं असतं.

दुसरी चूक जास्त गमतीची आहे. जुन्या माउथपीसवर दात टेकतात तिथे रबराचा जाड तुकडा चिकटवलेला आहे. नव्यांवर काहीच नव्हतं. वाजवणाऱ्याला आवाज कानातून येतो तसाच दातांतून कवटीतही चढतो. दात थेट माउथपीसवर असले की तो झणझणाट दुप्पट वाटतो. मला ज्याच्यावर काटा आला तो झणझणाट किती बी४५ चा आणि किती माझ्या दाढांचा, सांगता येत नाही.

सगळ्यांना ०.८ मिलिमीटरचा एकसारखा तुकडा चिकटवला. तीन रीड निवडल्या, दोन अडीचच्या आणि एक तीनची. रोज पाच-पाच मिनिटं वाजवून चार दिवसांत मुरवायच्या. इथल्या उन्हाळ्यात रीडचं टोक दहा मिनिटांत सुकून लाटेसारखं वाकतं, म्हणून डबी माठाच्या तिवईखाली ठेवली. तिथे घरातली सगळ्यात गार आणि ओलसर जागा आहे. मांजरीलाही ते माहीत आहे.

८ मे, बुधवार

मुरलेल्या रीडांनी पुन्हा. तुकडे लावल्यावर चौघांमधलं अंतर निम्म्याहून कमी झालं. यामाहा अडीचवर थोडा पातळ होता, तीनची लावल्यावर अंग धरलं. बी४५ तीनवर नुसती हवा गिळतो, अडीचवरच बरा. म्हणजे एकच रीड सगळ्यांना लावून केलेली तुलनाही खरी नाही, प्रत्येकाला त्याची जोडीदारीण द्यावी लागते. हे शास्त्राला धरून आहे का माहीत नाही, संसाराला धरून आहे.

माउथपीस आणि त्याखालचा आखूड जोड, बॅरल, एवढंच जोडून फुंकलं की पेटीवरच्या काळी तीनच्या आसपास सूर यायला हवा. यामाहा आणि लायर तिथे आपणहून बसले. बी४५ वर ओठ जरा ढिला पडला की खाली घसरतो, आवळला की वर येतो. मींड देतो तोच गुण इथे ताप देतो.

१० मे, शुक्रवार. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया.

बहीण, भाच्या आलेल्या. अंगणात झोका. पुरणपोळी आणि आमरसावर काहीही मोजलं नाही.

११ मे, शनिवार

भाच्या जायच्या आत त्यांना कामाला लावलं. मोठीने चार चिठ्ठ्या केल्या. मी गच्चीवर, पाठमोरा. खाली गल्लीत वीस पावलांवर खुर्च्या टाकून मामा आणि आमच्या मंडळाचे पेटीवाले अप्पा. चिठ्ठी निघेल तो माउथपीस लावायचा, तोच अभंगाचा तुकडा वाजवायचा, दोन फेऱ्या.

मामांनी दोन्ही फेऱ्यांत यामाहाला "हाऊ मन्हा" म्हणून ओळखलं. बी४५ ला पहिल्या फेरीत अप्पा म्हणाले मोठा आहे, दुसऱ्या फेरीत म्हणाले फाटका आहे. लायरला दोघांनीही पहिला नंबर दिला. मामांच्या खऱ्या जुन्याला मामांनीच म्हटलं, "हाई कोन्ही पिपाणी शे?"

चिठ्ठ्या उघडल्यावर मामा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग भाचीला म्हणाले, तुझ्या मामाने चिठ्ठ्या बदलल्या. आणि मला, जाता जाता : "तू घरमा वाजाडस, लोके रस्तावर ऐकतस."

वहीत मी हे वाक्य लाल पेनाने लिहिलंय. खोलीत माझ्या कानाला बी४५ आणि यामाहात जमीन-अस्मानाचा फरक वाटला होता, तो वीस पावलांवर जवळजवळ उरला नव्हता. उरला तो सुराचा पक्केपणा आणि शब्दासारखी स्पष्ट निघणारी जीभ. त्या दोन्हींत बी४५ माझ्या हातात मागे पडला. माझ्या हातात म्हणतोय. बी४५ वर आयुष्य काढलेले उत्तम वादक जगभर आहेत.

१२–१३ मे

मतदानाची ड्यूटी. खिशात रीडची डबी राहून गेली, मतदान यंत्र सील करताना ती टेबलावर काढून ठेवावी लागली. एजंटांनी तिच्याकडे संशयाने पाहिलं.

१९ मे, रविवार. मोहिनी एकादशी.

संत सखाराम महाराजांच्या यात्रेचा रथ. बोरीच्या पात्रातल्या समाधी मंदिराकडे दुपारपासून गर्दी. आमचं मंडळ रथाआधी सावलीत दोन तास भजनाला बसलं. खरी परीक्षा आज झाली, आणि तिच्यात माउथपीसपेक्षा ऊन मोठं निघालं.

संध्याकाळी साडेपाचला सावलीत ४०. क्लॅरिनेट हाताला चटका देत होतं. हवा तापली की तिच्यातला आवाजाचा वेग वाढतो, अंशामागे सेकंदाला साधारण ०.६ मीटर, आणि वाद्याचा सूर चढतो. पेटीच्या पितळी पट्ट्यांचं उलट आहे. त्या फारशा हलत नाहीत, हलल्याच तर किंचित उतरतात. बुवांची काळी दोन. मोबाइलवर पाहिलं तर मी पेटीच्या २० ते २५ सेंट वर. अर्ध्या सुराचे १०० सेंट, म्हणजे पाव अर्धसूर! अप्पांनी डोळ्यांनीच विचारलं.

बॅरल दोन मिलिमीटर ओढली. लांब नळीचे खालचे स्वर थोडेच उतरले, पण मधले मोकळे स्वर, जिथे नळी सगळ्यात आखूड असते, ते धपकन खाली गेले. निम्मी ओढ बॅरलवरून, निम्मी मधल्या जोडावरून काढली तेव्हा कुठे समतोल आला. हे मला २५ वर्षांपूर्वी कोणी सांगायला हवं होतं. कदाचित मामांनी सांगितलंही असेल.

पहिला तास बी४५. चाळीस मिनिटांनंतर ओठ थकला, तसा सूर आणखी भटकायला लागला. मींडीला लोकांनी माना डोलावल्या हे खरं, पण मुक्कामाचा षड्ज दर वेळी पेटीच्या खांद्यावर चढून बसत होता. दुसरा तास यामाहा, तीनची रीड. मींड आखडली. पण ओढ एकदा लावली ती शेवटपर्यंत टिकली, आणि अप्पांनी परत डोळे वर केले नाहीत. रथापुढे दोन तास तोच चालवला. एकदाही किंचाळलं नाही.

लायर आणला नव्हता. उसनी वस्तू जत्रेत नेत नाहीत.

२० मे, सोमवार

निर्णय. रस्त्यावर यामाहा, तीनची रीड. लायर दोघांपेक्षा सरस आहे यात शंका नाही, पण तो परत गेला, सोबत एक डझन केळी. दिवाळीपर्यंत पैसे जमले तर बघू. बी४५ विकणार नाही. घरी, रात्री, गच्चीवर, दोनची मऊ रीड लावून त्याच्यावर मींडीचा रियाज करतोय, आणि ती मींड हळूहळू यामाहावरही उतरतेय, थोडीशी. बायकोला सगळा हिशोब सांगितला. ती म्हणाली, म्हणजे सगळ्यात स्वस्त तेच घ्यायचं होतं. मी म्हटलं नाही, सगळ्यात स्वस्त तो निनावी. तिने पुढे ऐकलं नाही.

९ जून, रविवार

पाऊस नाही अजून, नुसतं दाटून येतं. निनावीवर हात साफ केला. काचेवर १२०० चा पॉलिश पेपर पाण्याने चिकटवून, माउथपीसची बैठक आठाच्या आकारात घासली. बैठक जेवढी घासाल साधारण तेवढीच टोकाची फट मिटत जाते, म्हणून दर वीस फेऱ्यांनी मोजायचं. मग आखूड पडणाऱ्या बाजूची कड पेपरवर हलकी टेकवत दोन्ही बाजू जुळवल्या. २० आणि १७ ची तफावत अर्ध्या मिलिमीटरवर आणली. गाढवाचं शिंगरू झालं. वाजतो. घासताना प्लास्टिकचा पांढरा भुगा पडला तेव्हा पटलं, वर्णनात एबोनाइट लिहिलं होतं ते खोटं होतं.

३० जून, रविवार

मामांकडे जुना घेऊन गेलो. म्हटलं, बैठक सरळ करून देतो, निनावीवर शिकलोय. विचार करायला त्यांनी चहा संपेपर्यंत वेळ घेतला. दातांच्या खड्ड्यांना हात लावायचा नाही, या अटीवर दिला.

७ जुलै, रविवार

जुना झाला. तीन संध्याकाळी लागल्या. एबोनाइट घासताना तोच वास, बायको स्वयंपाकघरातून हसली. १८.५ आणि १८.५. फट ०.०६ ने कमी झाली. हवेची परीक्षा : रीड पाच सेकंद चिकटली आणि टप्प.

मामांच्या हातात क्लॅरिनेट दिलं. वरचा ओठ आत दुमडून त्यांनी एक लांब षड्ज धरला, मग रस्त्याकडे तोंड करून बसले आणि अर्धा तास दिलंच नाही.

१२ ऑगस्ट, सोमवार

कानबाईचं विसर्जन. काल रात्रभर गाणी, सकाळी रोट, मग नदीपर्यंत वाजवत. पावसाळी हवा, २८-२९ असेल. ओढ बॅरलवर जेमतेम अर्धा मिलिमीटर लागली. यामाहा, तीनची रीड. किंचाळणं शून्य.

पुढची कामं : गुलालाने दातांचा तुकडा निघालाय, नवा चिकटवायचा. रीडचा एक डबा मागवायचा, तीनचा. मामांसाठी अडीचच्या दोन वेगळ्या काढून ठेवायच्या. ते आता दर रविवारी क्लॅरिनेट मागतात, आणि माझ्याकडे एकच आहे.